बाटली कोणतीही असो, आत अल्कोहोल किती?

१६०५ साली बुऱ्हाणपुरात अकबराचा धाकटा मुलगा दानियाल मरण पावला, तेव्हा त्याचे वय जेमतेम बत्तीस होते. त्याचे पिणे इतके वाढले होते की अकबराने आग्र्याहून हुकूम पाठवून त्याची दारू तोडली आणि पहाऱ्याची जबाबदारी त्याच्या सासऱ्यावर टाकली. हा सासरा म्हणजे अब्दुर्रहीम खानखानान, दोहेकार रहीम. दानियालने मग शिकारीचे निमित्त काढले आणि बंदूक सांभाळणाऱ्या माणसाला गळ घातली. त्याने दोनदा गाळलेली कडक दारू बंदुकीच्या नळीत भरून आणली. नळीतला गंज आणि बारुदाची काजळी त्या दारूत उतरली. ती प्यायल्यावर दानियालने अंथरूण धरले आणि तो पुन्हा उठला नाही. थोरला भाऊ जहांगीर याने हा वृत्तान्त आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे. मधला भाऊ मुराद १५९९ मध्ये जालन्याच्या बाजूला दारूपायीच गेला होता. पुढे १६२६ मध्ये जहांगीरचा मुलगा परवेझ याच बुऱ्हाणपुरात अतिमद्यपानाने गेला.

दानियालला मारले कशाने? नळीतल्या गंजाने, की त्याआधी वर्षानुवर्षे पोटात गेलेल्या दारूने? आजचा डॉक्टर दुसऱ्या कारणाकडेच बोट दाखवील. लोकांच्या लक्षात मात्र बंदूक राहिली.

बुऱ्हाणपुरातल्या शनवारा दरवाजाच्या आजूबाजूला आजही दारूविषयी बोलणे निघाले की बहुतेकांचे लक्ष अशाच गोष्टीकडे जाते. बिअर म्हणजे काही दारू नव्हे. इंग्रजी चालते, देशी वाईट. मोहाची घरची, म्हणून शुद्ध. वाइन तर हृदयाला चांगली. घरात मराठी आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्या या गावात ही वाक्ये दोन्ही भाषांत ऐकू येतात. ती म्हणणारी माणसे खोटे बोलत नसतात. त्यांना खरेच तसे वाटते आणि त्याच भरवशावर ती पितात. त्यामुळे प्रत्येक समजुतीत खरे किती, हे तपासून घेणे गरजेचे आहे.

उत्तर आधीच सांगायचे तर असे: सर्व प्रकारच्या दारूत नशा आणणारा आणि शरीर बिघडवणारा मुख्य पदार्थ एकच आहे, इथेनॉल. यकृताला तो जवातून आला, उसाच्या मळीतून आला की मोहाच्या फुलातून, हे कळत नाही. प्रकाराप्रकारांत फरक आहे, पण तो मुख्यतः किती पोटात जाते आणि किती वेगाने जाते याचा. जिथे दारूत दुसरे विष मिसळलेले असते, तिथला फरक मात्र जिवावर बेतणारा आहे.

ग्रॅममध्ये मोजले की

बाटलीवर अल्कोहोलचे प्रमाण टक्क्यांत छापलेले असते. हिशेब सोपा आहे. किती मिलिलिटर प्यायलो त्याला टक्क्यांनी गुणावे, १०० ने भागावे आणि आलेल्या आकड्याला ०.८ ने गुणावे. उत्तर येते ते पोटात गेलेले शुद्ध अल्कोहोल, ग्रॅममध्ये. १० ग्रॅम म्हणजे एक प्रमाणित माप धरतात.

४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ३० मिलिलिटरचा छोटा पेग म्हणजे सुमारे १० ग्रॅम, म्हणजेच एक माप. ६५० मिलिलिटरची ५ टक्क्यांची साधी बिअर म्हणजे २६ ग्रॅम. तीच बाटली ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची असेल, तर ४१ ग्रॅमच्या वर. ‘मी फक्त एक बिअर घेतो’ असे सांगणाऱ्या माणसाने प्रत्यक्षात व्हिस्कीचे चार छोटे पेग घेतलेले असतात. १३ टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलिलिटरचा ग्लास म्हणजे दीड माप आणि तिची अख्खी बाटली म्हणजे जवळजवळ आठ मापे.

देशीच्या बाटलीवर टक्क्यांऐवजी बहुधा ‘यू.पी.’ असे लिहिलेले आढळते. इंग्रजांच्या अमदानीतले हे माप अबकारी खात्यात अजून चालते. २५ यू.पी. म्हणजे ४२.८ टक्के, म्हणजे व्हिस्कीइतकीच कडक. ५० यू.पी. म्हणजे सुमारे २८.५ टक्के. आकडा मोठा तितकी दारू सौम्य, असा हा उलटा हिशेब असल्याने माणसे फसतात. ५० यू.पी.ची १८० मिलिलिटरची क्वार्टर म्हणजे ४१ ग्रॅम. स्ट्राँग बिअरची एक बाटली आणि या देशीची एक क्वार्टर यांत यकृताच्या दृष्टीने तिळमात्र फरक नाही. एकाला घरात सांभाळून घेतले जाते आणि दुसऱ्याला बेवडा म्हणतात, तो फरक समाजाने केलेला आहे.

एक गोष्ट प्रत्येकाने एकदा करून पाहावी. रोज ज्याला ‘एक पेग’ म्हणतो, तेवढे पाणी नेहमीच्याच ग्लासात, नेहमीच्याच अंदाजाने ओतावे. मग खोकल्याच्या औषधासोबत येणाऱ्या खुणांच्या प्लास्टिकच्या मापाने ते मोजावे. स्टीलच्या पेल्यात किंवा बुडाला रुंद असलेल्या काचेच्या ग्लासात हात नेहमीच सैल सुटतो. ३० समजून ओतलेले ५०-६० निघणे अगदी सामान्य आहे.

चढण्याचा वेग

मग व्हिस्की किंवा रम ‘लागते’ आणि बिअर ‘लागत नाही’, असे का वाटते? कारण वेग. अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १५ निरोगी पुरुषांना वेगवेगळ्या दिवशी रिकाम्या पोटी व्होडका, वाइन आणि बिअर दिली. अल्कोहोलची मात्रा तिन्ही वेळा सारखीच ठेवली होती. व्होडकाने रक्तातली पातळी सरासरी ३६ मिनिटांत शिखरावर नेली, वाइनने ५४ मिनिटांत आणि बिअरने ६२ मिनिटांत. व्होडकाचे शिखरही सर्वांत उंच होते. थोड्या घोटांत भरपूर अल्कोहोल पोटात जाते, म्हणून कडक दारूने तोल लवकर जातो, अपघात, मारामारी आणि विषबाधा यांचा धोका वाढतो. या अर्थाने कडक दारू जास्त धोक्याची आहे, हे खरे.

पण यकृताचा वेग दारूच्या प्रकाराने बदलत नाही. ते ताशी साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निपटते. स्ट्राँग बिअरची एक बाटली पूर्ण उतरायला चार ते सहा तास लागतात. लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ यांनी तरतरी वाटेल, पण रक्तातले अल्कोहोल कमी होणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले, तर पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. तिथे बिअरला वेगळी सूट नाही. इच्छापूर-इंदूर रस्त्यावर रात्री दुचाकी काढणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे. रात्री उशिरापर्यंत पिऊन सकाळी लूमवर उभ्या राहणाऱ्या कामगारालाही हेच लागू आहे. झोप झाली म्हणजे दारू उतरली, असे नसते.

एकावर एक वेगळी दारू घेतली की डोके धरते, ही समजूतही तपासून झाली आहे. जर्मनी आणि इंग्लंडमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये आधी बिअर मग वाइन, आधी वाइन मग बिअर असे दोन्ही क्रम करून पाहिले. दुसऱ्या दिवशीच्या त्रासात क्रमामुळे फरक पडला नाही. गडद रंगाच्या दारूत आंबवताना आणि लाकडी पिंपात मुरताना तयार होणारी इतर रसायने जास्त असतात. त्यामुळे हँगओव्हर अधिक त्रासाचा होतो, हे खरे आहे. पण २०१० मधल्या अमेरिकी प्रयोगात बर्बन व्हिस्की आणि व्होडका यांची तुलना केली, तेव्हा डोकेदुखी-मळमळ बर्बनने जास्त झाली, तरी दुसऱ्या दिवशी लक्ष आणि प्रतिसादाचा वेग दोन्ही गटांत सारखाच ढासळलेला होता. डोके दुखले नाही म्हणजे काही बिघडले नाही, हा निष्कर्ष चुकीचा ठरतो.

वाइन आणि हृदय

वाइनला चांगले नाव मिळाले ते १९९१ च्या सुमारास. लोणी-चीज खाऊनही फ्रेंचांना हृदयविकार कमी कसा, या कोड्याचे उत्तर म्हणून अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीवर रेड वाइनचे कौतुक झाले आणि ते जगभर पसरले. अडचण अशी, की थोडी वाइन पिणारी माणसे सहसा सुखवस्तू असतात, जेवणासोबत पितात, डॉक्टरकडे वेळेवर जातात. न पिणाऱ्यांच्या गटात मात्र आजारपणामुळे पिणे सोडलेलेही मोजले जातात. २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये चीनमधल्या सुमारे १ लाख ६० हजार लोकांच्या जनुकांचा अभ्यास आला. कोणाला दारू सोसते आणि कोणाला नाही, हे ठरवणाऱ्या जन्मजात फरकांवरून केलेल्या या अभ्यासात बेताने पिण्याने पक्षाघातापासून संरक्षण मिळते, असे दिसले नाही. पिणे वाढले तसा रक्तदाब आणि पक्षाघाताचा धोका वाढत गेला.

कर्करोगाच्या बाबतीत तर सर्व प्रकार एकाच रांगेत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्यांना माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकले. तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉस त्याच गटात आहेत. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तनांचा कर्करोग यांच्याशी दारूचा संबंध आहे. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट म्हटले, की आरोग्याला बाधणार नाही अशी सुरक्षित पातळी सांगता येत नाही. हृदयासाठी म्हणून कोणी वाइन सुरू करू नये.

तोंडात गुटखा असेल तर

भारतातला एक ताजा पुरावा इथल्या वाचकाच्या फार जवळचा आहे. टाटा मेमोरियल सेंटरच्या नवी मुंबईतल्या अ‍ॅक्ट्रेक संस्थेतील संशोधकांनी गालाच्या आतल्या त्वचेचा कर्करोग झालेल्या १,८०३ रुग्णांची तुलना १,९०३ निरोगी माणसांशी केली. डिसेंबर २०२५ मध्ये ती बीएमजे ग्लोबल हेल्थ या नियतकालिकात आली. न पिणाऱ्यांपेक्षा पिणाऱ्यांत या कर्करोगाचा धोका ६८ टक्क्यांनी जास्त होता. बिअर-व्हिस्कीसारखी जगभर मिळणारी दारू पिणाऱ्यांत ७२ टक्के आणि मोहाची, ठर्रा, देशी, ताडी अशी स्थानिक दारू पिणाऱ्यांत ८७ टक्के. रोज ९ ग्रॅम, म्हणजे एक मापही पुरे नाही, एवढ्यानेही धोका सुमारे ५० टक्क्यांनी वाढलेला दिसला.

‘इंग्रजी चालते, देशी वाईट’ याचे इतके नेमके उत्तर दुसरीकडे मिळणार नाही. देशी जास्त वाईट आहे, खरेच आहे. पण ७२ आणि ८७ यांतले अंतर लहान आहे. न पिणाऱ्यापासून दोघांचेही अंतर त्याच्या कितीतरी पट आहे.

याच अभ्यासाचा आणखी एक निष्कर्ष असा, की भारतातले या प्रकारचे सुमारे ६२ टक्के कर्करोग दारू आणि चघळण्याचा तंबाखू यांच्या एकत्रित परिणामाशी जोडता येतात. अल्कोहोलने तोंडातली नाजूक त्वचा पातळ होते आणि तंबाखूतली विषे आत शिरायला मोकळी वाट मिळते. गुटखा, खर्रा किंवा मळलेला तंबाखू तोंडात ठेवून वर दारू घेणाऱ्यासाठी बिअर की देशी हा प्रश्न दुय्यम आहे. दोन्ही एकदम सुटत नसतील, तर निदान एका वेळी दोन्ही तोंडात जाणार नाहीत, इथून सुरुवात करावी. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा तोंड कमी उघडणे यांपैकी काही दिसले, तर लगेच दाखवावे.

मोहाची, हातभट्टीची आणि मिथेनॉल

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या खकनार-नेपानगरच्या बाजूच्या कोरकू आणि भिल्ल-बारेला पाड्यांवर मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले वेचली जातात. वाळवलेल्या फुलांची दारू सणासुदीला आणि देवाला लागते. ती परंपरा जुनी आहे आणि तिचा अपमान करण्याचे कारण नाही. पण ‘घरची म्हणून शुद्ध’ या म्हणण्याला आधार नाही. घरच्या दारूवर टक्के छापलेले नसतात. एका भट्टीची दारू सौम्य, तर पुढचीची दुप्पट कडक निघू शकते, आणि पिणारा मात्र दोन्ही वेळा पेला तोच भरतो.

खरी भीती आहे ती विकण्यासाठी गाळलेल्या हातभट्टीची. लवकर आंबावी आणि जास्त चढावी म्हणून त्यात नवसागर, युरिया, गोळ्या असे काहीही टाकले जाते. त्याहून भयंकर म्हणजे कारखान्यासाठीचे मिथेनॉल. जून २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत अशी दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे मेली. मध्य प्रदेशात जानेवारी २०२१ मध्ये मुरैना जिल्ह्यात वीसहून जास्त लोक दगावले. मिथेनॉल दिसायला, वासाला आणि चवीला इथेनॉलसारखेच असते. काडी लावून ज्योतीचा रंग बघणे ही खात्रीची परीक्षा नव्हे.

यकृत मिथेनॉलचे फॉर्मिक आम्ल बनवते आणि ते डोळ्यांच्या मज्जातंतूवर घाव घालते. सुमारे १० मिलिलिटर मिथेनॉलने दृष्टी जाऊ शकते, ३० मिलिलिटरने जीव. घात असा, की सुरुवातीला साधी नशाच वाटते. खरी लक्षणे बहुधा १२ ते २४ तासांनी दिसतात: धूसर किंवा पांढरेफटक दिसणे, पोटात कळा, उलट्या, जोरजोराने श्वास, गुंगी. असे दिसताच १०८ ला फोन करावा. माणूस बेशुद्ध असेल तर कुशीवर झोपवावे, तोंडात काही घालू नये, उलटी काढायला लावू नये, ‘झोपला की उतरेल’ म्हणून एकटे सोडू नये. उरलेली दारू बाटलीसह सोबत न्यावी. त्याच ठिकाणची दारू प्यायलेल्या सर्वांना, लक्षणे नसली तरी, रुग्णालयात न्यावे. यावर उतारा आहे, गरज पडल्यास डायलिसिसही करतात, पण त्याचा उपयोग पहिल्या काही तासांतच जास्त होतो. पोलिसांच्या भीतीने लपवण्यात जे तास जातात, तेच सर्वांत महागात पडतात.

कोणी थेंबही घेऊ नये

गरोदर स्त्रीने बिअर, वाइन, ताडी, मोहाची यांपैकी काहीही घेऊ नये. गर्भाच्या मेंदूला होणारी इजा नंतर भरून येत नाही. कावीळ किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी, क्षयाची औषधे चालू असलेल्यांनी, झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या घेणाऱ्यांनी पूर्ण दूर राहावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर दारूने अचानक खाली येऊ शकते आणि आसपासचे लोक त्याला ‘चढली’ असे समजून सोडून देतात. वाहन, लूम, विहिरीची मोटर, केळीच्या बागेतली फवारणी यांच्या आधी कोणतीच दारू सुरक्षित नाही.

कमी करताना

कमी करायचे ठरवले, तर प्रकार बदलण्याने काम होत नाही. जहांगीरने हे स्वतःवर करून पाहिले होते. तरुणपणी द्राक्षाच्या मद्याने चढेना, म्हणून तो गाळीव अर्काकडे वळला आणि नऊ वर्षांत दिवसाला वीस पेल्यांवर पोचला. हात इतके कापत, की पेला दुसऱ्याला धरावा लागे. हकीम हुमामने सहा महिन्यांत प्रकरण हाताबाहेर जाईल असे तोंडावर सांगितले, तेव्हा त्याने मद्य आणि अर्क मिसळून कडकपणा उतरवला आणि सात वर्षांत सहा पेल्यांपर्यंत खाली आला. पण दारू कमी होत गेली, तशी अफू घातलेली फिलुनिया वाढत गेली, हेही त्यानेच नोंदवले आहे. व्हिस्की सोडून स्ट्राँग बिअर धरणारे किंवा दारूऐवजी झोपेच्या गोळ्यांवर जाणारे आज त्याच वाटेने जातात.

चालणारे उपाय साधे आहेत. ग्रॅम लिहून ठेवावेत. घरात साठा ठेवू नये. आठवड्यात न पिण्याचे दिवस आधी ठरवावेत. रिकाम्या पोटी पिऊ नये आणि मीठ-मसाल्याच्या चखण्याने तहान वाढवू नये. पैजा लावून किंवा पेल्याला पेला लावून पिणाऱ्यांची बैठक टाळावी.

मात्र सकाळी उठताच लागत असेल, न घेतल्यास हात थरथरत असतील, घाम फुटत असेल, तर घरच्यांनी एकदम तोडू नये. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवले, तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, क्वचित जीवही जातो. खोलीत कोंडणे, जेवणात गुपचूप पावडर कालवणे हे तर धोक्याचेच. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरला दाखवावे. औषधे आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन आठवडाभरात हा टप्पा सुखरूप पार पाडता येतो. पुढच्या दीर्घ उपचारासाठी पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करते आहे. नशामुक्तीसाठी सरकारची हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६ आहे. डॉक्टरकडे जाताना फक्त ‘पितो’ एवढे सांगू नये. काय पितो, किती मिलिलिटर, बाटलीवर किती टक्के किंवा किती यू.पी., शेवटचा पेला कधी घेतला आणि सोबत तंबाखू आहे का, हे पाच तपशील कागदावर लिहून न्यावेत.